आपल्या नेटवर्कवर किती यंत्रे आहेत? : मोजदादीचा गेटवे आणि त्याची मांडणी

कापडाचा व्यापारी असो, यंत्रमागधारक असो की भरतकामाचा कारखाना चालविणारा कारागीर असो, वर्षातून एकदा तरी तो मालाची मोजदाद करतोच. किती तागे शिल्लक आहेत, किती गाठी गोदामात आहेत, किती माल रंगाईला गेला आहे, किती जॉबवर दिला आहे, याची यादी झाल्याशिवाय वर्षाचा हिशेब पुरा होत नाही. सुताचे एक पोते कमी भरले तरी मुनीम पुन्हा पुन्हा वही चाळतो. पण हा सारा हिशेब ज्या यंत्रांवर ठेवला जातो, त्या यंत्रांची मोजदाद मात्र क्वचितच होते.

पेढीत संगणक किती, असे विचारले तर मालक लगेच आकडा सांगतो. परंतु पेढीच्या नेटवर्कवर एकंदर किती वस्तू जोडलेल्या आहेत, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. बिलाचे संगणक, बारकोड छापणारे यंत्र, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, अंगठ्याने हजेरी घेणारे यंत्र, वायफायच्या पेट्या, भरतकाम यंत्राचा कंट्रोलर, छतावरील सौर इन्व्हर्टर आणि नोकरांचे मोबाइल, या सर्व वस्तू आज एकाच तारेला किंवा एकाच वायफायला लटकलेल्या असतात. यातील प्रत्येक वस्तू म्हणजे एक छोटा संगणकच होय आणि प्रत्येकातून आत शिरण्याची वाट असू शकते.

आपल्या धंद्यात माल आधी जातो आणि पैसा मागून येतो. साठ-नव्वद दिवसांची उधारी ही रोजची गोष्ट आहे. कोणत्या पार्टीकडे किती येणे आहे हे ज्या संगणकात आहे, तो संगणक उद्या कुलूपबंद झाला आणि कुलूप उघडण्यासाठी कोणी खंडणी मागू लागला, तर गोदामातील माल जागच्या जागी असूनही व्यापारी हतबल होतो. म्हणून ही मोजदाद केवळ मोठ्या कंपन्यांची चैन नव्हे. ती आपली गरज आहे. ही मोजदाद आपोआप करणारी व्यवस्था कशी असते, तिचा ‘गेटवे’ कसा मांडावा आणि त्यात कोणती खबरदारी घ्यावी, हे या लेखात पाहू.

मोठमोठ्यांची गफलत

यादीत एखादे यंत्र नसल्याने काय होते, याची मोठी उदाहरणे जगासमोर आहेत.

पहिले उदाहरण अमेरिकेच्या ‘नासा’ या अंतराळ संस्थेचे. कॅलिफोर्नियातील तिच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एप्रिल २०१८ मध्ये एक घुसखोरी उघडकीस आली. जून २०१९ मध्ये नासाच्या महानिरीक्षकांनी त्यावर अहवाल प्रसिद्ध केला. परवानगी न घेता नेटवर्कला जोडलेला ‘रास्पबेरी पाय’ नावाचा तळहाताएवढा संगणक हल्लेखोरांचे लक्ष्य ठरला होता. घुसखोर सुमारे दहा महिने आत राहिले आणि २३ फायलींतून सुमारे ५०० मेगाबाइट माहिती बाहेर गेली. तेथे यंत्रांची नोंदवही होती, पण ती अपुरी होती. एका कर्मचाऱ्याने तर सांगितले की नोंदीची व्यवस्था कधी कधी चालत नसे, म्हणून तो नव्या यंत्राची नोंद वेगळ्या कागदात करी आणि पुढे मूळ यादीत चढविणे काही वेळा राहून जाई. ‘नंतर चढवू’ म्हणून राहिलेली नोंद कोणत्या व्यापाऱ्याला ओळखीची वाटणार नाही?

दुसरे उदाहरण तैवानच्या टीएसएमसी या चिप बनविणाऱ्या कंपनीचे. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या कारखान्यांतील यंत्रे व्हायरसमुळे बंद पडली. नव्या यंत्रात सॉफ्टवेअर बसविताना चूक झाली आणि ते यंत्र नेटवर्कला जोडताच व्हायरस पसरला, असे कंपनीनेच सांगितले. हा व्हायरस ‘वॉनाक्राय’चाच एक प्रकार होता. त्याच वॉनाक्रायने १२ मे २०१७ पासून दीडशेहून अधिक देशांत धुमाकूळ घातला होता. त्यावरील इलाज मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिला होता. म्हणजे औषध दोन महिने आधीच हाती होते. पण औषध कोणकोणत्या यंत्राला द्यायचे हे यादीशिवाय कसे कळावे?

तिसरे उदाहरण ‘इक्विफॅक्स’ या अमेरिकन पत-माहिती कंपनीचे आहे. ते या लेखाच्या मुख्य मुद्द्याशी निगडित असल्याने शेवटी घेऊ.

गेटवे म्हणजे काय?

यंत्रांची यादी आपोआप तयार करण्याच्या कामाला ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ म्हणतात. त्यात दोन भाग असतात. एक मध्यवर्ती सर्व्हर, जिथे सर्व ठिकाणची यादी जमा होते. दुसरा भाग म्हणजे गेटवे. हा प्रत्येक ठिकाणी बसविलेला एक छोटा संगणक असतो. तो त्या ठिकाणचे पत्ते एकेक करून तपासतो, कोण हजर आहे ते लिहून घेतो आणि ती माहिती मध्यवर्ती सर्व्हरकडे पाठवितो. पूर्वी मोठ्या पेढ्या दूरच्या बाजारपेठेत आपला गुमास्ता ठेवीत. तो तेथील माल पाहून मुख्य पेढीला पत्राने कळवी. गेटवे हा तसाच गुमास्ता समजावा.

निरनिराळ्या कंपन्यांनी याला निरनिराळी नावे दिली आहेत. सर्व्हिसनाऊ त्याला ‘मिड सर्व्हर’ म्हणते, बीएमसी ‘आउटपोस्ट’ म्हणते, तर फ्लेक्सेरा ‘बीकन’ म्हणते. ही सॉफ्टवेअरे मोठ्या कंपन्यांसाठी असून महाग आहेत. लहान पेढीला ‘जीएलपीआय’ किंवा ‘ओसीएस इन्व्हेंटरी’ यांसारखी मुक्त सॉफ्टवेअरे पुरेशी आहेत. त्यांना परवान्याचे पैसे पडत नाहीत, मात्र बसविणारा जाणकार हवा. नाव कोणतेही असो, मांडणीचे प्रश्न सगळीकडे सारखेच आहेत.

गेटवे कोठे बसवावा?

पहिला प्रश्न जागेचा. पेढी एके ठिकाणी, गोदाम दुसरीकडे आणि कारखाना तिसरीकडे असेल, तर एकाच गेटवेने तिन्ही ठिकाणची मोजदाद नीट होत नाही. याचे कारण तांत्रिक असले तरी समजण्यास सोपे आहे.

नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला दोन ओळखी असतात. एक आयपी पत्ता, जो दुकानाच्या गाळा क्रमांकासारखा असून बदलू शकतो. दुसरी मॅक ओळख, जी कारखान्यातच यंत्राला दिलेली असते. एकाच नेटवर्कमध्ये गेटवे ‘अमुक पत्त्यावर कोण आहे?’ अशी हाक देतो आणि यंत्र आपली मॅक ओळख सांगते. या पद्धतीला एआरपी म्हणतात व ती १९८२ पासून चालत आली आहे. विंडोजच्या संगणकाची फायरवॉल ‘पिंग’ या नेहमीच्या हाकेला बहुधा उत्तर देऊ देत नाही, पण एआरपीच्या हाकेला उत्तर दिल्याशिवाय यंत्राचे काम चालत नाही. अडचण एवढीच की ही हाक राऊटरच्या पलीकडे जात नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी आपला गेटवे असणे उत्तम.

दुसरे कारण अधिक व्यवहारी आहे. बाजारातून आणलेला राऊटर बहुधा १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० या मालिकेतील पत्ते वाटतो. पेढीतही तोच राऊटर आणि गोदामातही तोच, म्हणजे दोन्हीकडे १९२.१६८.१.१० हा पत्ता असणार. दोन्ही ठिकाणे बाहेरून एकाच गेटवेने तपासू गेल्यास कोणता संगणक कोठला हे कळत नाही. प्रत्येक गेटवेला ठिकाणाचे नाव द्यावे, म्हणजे यादीत ‘गोदाम – १०’ आणि ‘पेढी – १०’ या वेगळ्या नोंदी होतील.

गेटवेसाठी नवा महागडा संगणक लागत नाही, पण तो मुनिमाचा संगणकही नसावा. मुनीम संध्याकाळी घरी जाताना आपला संगणक बंद करतो आणि त्याबरोबर गुमास्ताही झोपतो. गेटवे स्वतंत्र असावा, वायफायऐवजी तारेने जोडलेला असावा, त्याचा पत्ता कायम असावा आणि तो यूपीएसवर असावा. वीज जाते तेथे हे विशेष महत्त्वाचे आहे.

मध्यवर्ती सर्व्हरशी बोलणे नेहमी गेटवेनेच सुरू करावे, आतून बाहेर, पोर्ट ४४३ वरून. बाहेरून आत येण्यासाठी राऊटरमध्ये नवे दार उघडण्याची गरज नसते. बसविणारा ‘पोर्ट फॉरवर्ड करावा लागेल’ असे म्हणाला तर कारण विचारावे.

पत्त्यांची हद्द ठरविणे

दुसरा प्रश्न हद्दीचा. गेटवेला कोणते पत्ते तपासायचे हे सांगावे लागते. १९२.१६८.१.१ पासून १९२.१६८.१.२५४ पर्यंतचे २५४ पत्ते काही मिनिटांत तपासून होतात. काहीजण ‘काही सुटायला नको’ म्हणून १० ने सुरू होणारी संपूर्ण मालिका टाकतात. तीत सुमारे १ कोटी ६८ लाख पत्ते आहेत. मग तपासणी दिवसेंदिवस संपत नाही आणि नेटवर्क मंदावते.

याउलट केवळ माहीत असलेली मालिका टाकली तर माहीत नसलेले काहीच सापडत नाही आणि मोजदादीचा हेतूच निष्फळ होतो. यावर उपाय असा : आधी राऊटर आणि स्विच यांनाच विचारावे. चांगल्या प्रतीचे स्विच आपल्या कोणत्या पोर्टवर कोणती मॅक ओळख ऐकू येते याची नोंद ठेवतात आणि एसएनएमपी या भाषेत विचारल्यास सांगतात. राऊटर आपल्याला किती मालिका माहीत आहेत ते सांगतो. त्यावरून हद्द ठरवावी. कॅमेऱ्यांसाठी कोणी वेगळा राऊटर लावला असेल, तर तो येथेच उघड होतो. मात्र त्या राऊटरच्या आत काय आहे हे बाहेरच्या गेटवेला दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे. तेथे प्रत्यक्ष जाऊनच पाहावे लागते.

हद्द ठरविताना आणखी एक पथ्य पाळावे. बाजारपेठेतील इमारतींत अनेकदा दोन-तीन पेढ्या मिळून एकच इंटरनेट घेतात. अशा ठिकाणी आपला गेटवे शेजाऱ्याचे संगणकही तपासू लागेल. शेजाऱ्याच्या गोदामात न विचारता जाऊन गाठी मोजणे जसे योग्य नाही, तसेच हेही योग्य नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीविना त्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये प्रवेश करणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते. तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने झाल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. लेखी संमती घ्यावी, नाहीतर आधी नेटवर्क वेगळे करून घ्यावे.

नोकरांच्या मोबाइलबाबतही हीच मर्यादा राखावी. त्यांच्यासाठी वेगळे वायफाय ठेवावे आणि मोबाइल जोडलेला आहे एवढेच नोंदवावे. त्याच्या आत डोकावणे हे मालकाचे काम नव्हे.

चाव्या कोणत्या द्याव्यात?

पत्ता हजर आहे एवढे कळून भागत नाही. तो संगणक आहे की प्रिंटर, त्यात विंडोज कोणती, त्याचा कारखान्याचा अनुक्रमांक काय, हे हवे असेल तर गेटवेला आत पाहण्याची परवानगी, म्हणजे चावी द्यावी लागते. सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

प्रिंटर, स्विच, यूपीएस यांच्यासाठी एसएनएमपी वापरतात. तिच्या जुन्या दोन आवृत्त्यांत पासवर्डसारखा एक शब्द असतो. अनेक यंत्रांत तो कारखान्यातूनच ‘पब्लिक’ असा येतो आणि नेटवर्कवरून उघडाच जातो. ज्याने तो ऐकला त्याला चावी मिळाली. तिसरी आवृत्ती सांकेतिक भाषेत बोलते. यंत्राला ती येत असेल तर तीच वापरावी. येत नसेल तर निदान शब्द बदलावा आणि केवळ वाचण्याची परवानगी ठेवावी, लिहिण्याची नव्हे.

लिनक्सच्या संगणकांसाठी एसएसएच असते. तेथे पासवर्डऐवजी किल्ली-फाइल वापरून मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र खाते द्यावे. विंडोजसाठी डब्ल्यूएमआय नावाची सोय आहे, पण दुरून तिचा उपयोग करण्यास बहुधा प्रशासकाचे अधिकार लागतात आणि फायरवॉलमध्ये बरीच दारे उघडावी लागतात. पंधरा-वीस संगणकांच्या पेढीने त्या फंदात पडू नये. प्रत्येक विंडोज संगणकावर एजंट नावाचा छोटा प्रोग्राम बसवावा, तो स्वतःची माहिती स्वतः कळवितो. जेथे एजंट बसविता येत नाही अशा वस्तू गेटवेने शोधाव्यात.

पुष्कळदा बसविणारा तंत्रज्ञ सर्व संगणकांचा एकच मोठा पासवर्ड गेटवेत भरून मोकळा होतो. याने काम झटपट होते, पण धोका मोठा असतो. गेटवे भेटेल त्या यंत्राला आपल्या चाव्या लावून पाहतो. एखाद्याने आपले बनावट यंत्र नेटवर्कवर ठेवले तर गेटवे त्यालाही चावी दाखवील. बनावट यंत्र ती टिपून घेईल आणि मग त्याच चावीने सर्व संगणक उघडतील. म्हणून सगळ्या चाव्या सगळ्या कुलपांना लावू देऊ नयेत. प्रिंटरची चावी प्रिंटरच्या पत्त्यांपुरती आणि सर्व्हरची सर्व्हरच्या पत्त्यांपुरती बांधून द्यावी. मोजदादीसाठीचे खाते दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये. तंत्रज्ञ काम सोडून गेला तर त्याच दिवशी या चाव्या बदलाव्यात.

ज्या गुमास्त्याकडे सर्व गोदामांच्या चाव्या आहेत, त्याला आपण उघड्या ओट्यावर झोपू देत नाही. गेटवेचा संगणकही कुलपाच्या खोलीत असावा, त्यावर इंटरनेट पाहणे किंवा ई-मेल उघडणे बंद असावे आणि त्याच्या दुरुस्त्या सर्वांत आधी व्हाव्यात.

वेळ आणि वेग

रात्री नेटवर्क रिकामे असते म्हणून तपासणी रात्री लावावी, असा सल्ला बरेचजण देतात. पण रात्री संगणक बंद असतात आणि लॅपटॉप घरी गेलेले असतात. बंद यंत्र हाकेला उत्तर देत नाही. साप्ताहिक सुटीचेही तेच. मालेगावात कारखान्यांची सुटी शुक्रवारी असते. तयार सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून ठरवून दिलेला वार तोच निघाला, तर दर आठवड्याला रिकामी यादी येईल आणि मालक निश्चिंत राहील. योग्य मार्ग असा की हाक देण्याची हलकी फेरी दिवसातून दोन-तीनदा कामाच्या वेळात लावावी आणि आत पाहण्याची सविस्तर फेरी आठवड्यातून एकदा, गर्दी नसलेल्या तासाला. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२२ मधील आदेशाने तेथील केंद्रीय कार्यालयांना अशी आपोआप शोधणी दर सात दिवसांनी करणे बंधनकारक केले. आपल्यालाही तेच माप चालण्यासारखे आहे.

वेगाचेही भान ठेवावे. संगणक तपासणी सहन करतो, पण जुने कंट्रोलर आणि स्वस्त उपकरणे भराभर येणाऱ्या हाकांनी गोंधळतात. प्रिंटरचे ९१०० हे पोर्ट तपासले तर प्रिंटर त्या हाकेलाच मजकूर समजून कागदामागून कागद निरर्थक अक्षरांनी भरून टाकू शकतो. ‘एनमॅप’ हे १९९७ पासून प्रचलित असलेले शोधणीचे साधन सेवा ओळखण्याच्या तपासणीत हे पोर्ट म्हणूनच आपोआप वगळते. रंगाईच्या किंवा भरतकामाच्या चालू यंत्राच्या कंट्रोलरवर सविस्तर तपासणी लावूच नये. ताग्याचा घाण मध्येच बंद पडला तर होणारे नुकसान मोजदादीच्या फायद्याहून अधिक असेल. अशी यंत्रे वगळण्याच्या यादीत टाकावीत, पण त्यांची नोंद हाताने मूळ यादीत चढवावी. वगळलेले यंत्र विसरलेले यंत्र होऊ नये.

एकाच यंत्राच्या तीन नोंदी

राऊटर पत्ते वाटतो तेव्हा आज एका संगणकाला १० क्रमांक मिळतो आणि उद्या १७. पत्त्यावरून ओळख ठरविली तर एक संगणक यादीत दोनदा येतो. मॅक ओळखीवर विसंबावे तर लॅपटॉपला तारेची एक व वायफायची दुसरी अशा दोन असतात. अलीकडचे मोबाइल तर प्रत्येक वायफायसाठी नवी बनावट मॅक ओळख वापरतात. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ओळखीचा क्रम ठरवून द्यावा : प्रथम कारखान्याचा अनुक्रमांक, तो न मिळाल्यास मॅक ओळख, तीही नसेल तर नाव आणि शेवटी पत्ता. मुख्य म्हणजे अनुक्रमांक खरेदीच्या बिलावरही असतो आणि त्यामुळे पुढचे काम सोपे होते.

वहीशी ताळमेळ

यादी निघाली म्हणजे काम संपले नाही. बँकेचे स्टेटमेंट आले म्हणून हिशेब जुळत नाही, वहीशी ताळा पाहावा लागतो. उदाहरणादाखल असे समजू की एका पेढीच्या खरेदीवहीत १४ संगणक आहेत आणि गेटवेला २७ वस्तू सापडल्या. त्यात संगणक १२, प्रिंटर ४, डीव्हीआर २, हजेरीची यंत्रे २, वायफायच्या पेट्या ३ आणि मोबाइल ४. आता १२ संगणकांचे अनुक्रमांक वहीशी जुळवून पाहिले तर ११ जुळले. म्हणजे वहीतील ३ संगणक नेटवर्कवर नाहीत आणि नेटवर्कवरील १ संगणक वहीत नाही.

वहीत आहेत पण सापडत नाहीत अशा तिघांचा छडा लावावा. एखादा दुरुस्तीला गेला असेल, एखादा घरी असेल, एखादा केव्हाच भंगारात गेला असेल. भंगारात गेलेल्या संगणकावर घसारा आणि विमा चालू असेल तर हिशेबनिसाला सांगून दुरुस्ती करावी. शिवाय त्याच्या हार्ड डिस्कमधील पार्ट्यांची खाती पुसली होती का, हेही विचारावे.

नेटवर्कवर आहे पण वहीत नाही, तो एक संगणक सर्वांत महत्त्वाचा. तो कोणाचा, कोणी लावला, कशासाठी लावला, हे स्विचच्या पोर्टवरून तार धरत जाऊन पाहावे. बहुधा लेबल छापण्यासाठी वा डिझाइन काढण्यासाठी टेबलाखाली ठेवलेला जुना संगणक निघतो आणि त्यात विंडोज ७ असते. विंडोज ७ ला दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी बंद केले. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्याही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या. आपल्याकडील किती संगणक अजून त्यांवर आहेत, या प्रश्नाचे उत्तर आता अंदाजाने देऊन चालणार नाही. जो संगणक बदलता येत नाही तो निदान बाकी नेटवर्कपासून वेगळा करावा.

सरकारी नियमाचाही विचार करावा. ‘सर्ट-इन’ या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि व्यावसायिक संस्थांना ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. कोणते यंत्र, कोणता पत्ता, कोठे आहे, हे शोधण्यातच सहा तास गेले तर कळविणार काय?

‘सापडले नाही’ याचा अर्थ

आता इक्विफॅक्सकडे वळू. ८ मार्च २०१७ रोजी अमेरिकन सरकारी यंत्रणेने ‘अपाची स्ट्रट्स’ या सॉफ्टवेअरमधील गंभीर दोषाचा इशारा दिला. कंपनीने दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीचे फर्मान काढले आणि १५ मार्चला तपासणीही केली. तपासणीने सांगितले की दोष असलेले यंत्र सापडत नाही. सर्वजण निर्धास्त झाले. वस्तुतः ते यंत्र नेटवर्कवर होते, तपासणीची मांडणी त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती. मे महिन्यात हल्लेखोर त्याच वाटेने आत आले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती घेऊन गेले. बाहेर जाणारी वाहतूक तपासणारे उपकरण तेथे होते, पण त्याचे प्रमाणपत्र मुदत संपून १९ महिने झाले होते, म्हणून ते आंधळे बनले होते. प्रमाणपत्र बदलताच २९ जुलैला चोरी दिसली. कंपनीकडे यंत्रांची परिपूर्ण यादी नव्हती, असा ठपका अमेरिकन सिनेटच्या समितीने २०१९ च्या अहवालात ठेवला. त्याच वर्षी किमान ५७ कोटी ५० लाख डॉलर देण्याची तडजोड कंपनीला करावी लागली.

यावरून हे स्पष्ट होते की गेटवेच्या यादीत नाही म्हणून यंत्र अस्तित्वात नाही, असे समजणे घातक आहे. यादीत नसण्याची कारणे अनेक असू शकतात : पत्ता हद्दीत नव्हता, चावी लागली नाही, यंत्र त्या वेळी बंद होते, ते दुसऱ्या राऊटरच्या आड होते किंवा खुद्द गेटवेच बंद पडला होता. गेटवे बंद पडला तर मध्यवर्ती यादी रिकामी होत नाही. ती जुनीच माहिती नव्यासारखी दाखवीत राहते. म्हणून यादीत ‘शेवटचे केव्हा दिसले’ हा रकाना अवश्य ठेवावा. गेटवे दोन दिवस बोलला नाही तर मालकाच्या मोबाइलवर संदेश यावा अशी व्यवस्था करावी. गेटवेच्या प्रमाणपत्राची मुदतही जीएसटी विवरणाच्या तारखांशेजारी दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.

गेटवेची परीक्षा घेण्याचा एक सोपा उपाय आहे. कोणालाही न सांगता एक जुना लॅपटॉप किंवा प्रिंटर गोदामातील तारेला जोडून ठेवावा आणि आठवड्याच्या यादीत तो येतो का ते पाहावे. आला तर मांडणी ठीक आहे. न आल्यास तंत्रज्ञाला बोलावून हद्द, चावी आणि वेळ या तिन्ही गोष्टी पुन्हा तपासाव्यात. ही परीक्षा दर तीन महिन्यांनी आणि प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या कोपऱ्यात घ्यावी.

आरंभ कसा करावा?

व्यापारी बांधवांनी सर्व ठिकाणी एकदम हात घालू नये. पहिल्या आठवड्यात कागद-पेन्सिल घेऊन पेढीत फिरावे आणि तारेला लागलेली प्रत्येक वस्तू लिहून काढावी. दुसऱ्या आठवड्यात पेढीपुरता एकच गेटवे बसवून त्याची यादी या कागदाशी जुळवावी. फरक का पडला हे समजेपर्यंत गोदामाकडे वळू नये. तंत्रज्ञाशी ठरविताना पाच गोष्टी लेखी घ्याव्यात : कोणते पत्ते तपासले जातील, कोणत्या चाव्या कोठे ठेवल्या जातील, काय वगळले आहे, वेळापत्रक काय आणि गेटवे बंद पडल्यास कोणाला कळेल. हा कागद गेटवेत नव्हे, तिजोरीत ठेवावा.

त्यानंतर आठवड्यातून एक दिवस मुनिमाने पंधरा मिनिटे यादी पाहावी. नवे काय आले, जुने काय दिसेनासे झाले, एवढेच दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर वहीत तारखेसह लिहावे. नवे यंत्र विकत घेतले की त्याचा अनुक्रमांक आधी वहीत आणि मग तार भिंतीत, असा दंडक घालावा. कॅमेरेवाला, हजेरी यंत्रवाला, इंटरनेटवाला यांनाही हा दंडक सांगून ठेवावा, कारण न विचारता वस्तू जोडण्याची सवय सर्वांत जास्त त्यांनाच असते.